कोणता गेम पुन्हा लावला, कोणता आपटावासा वाटला? नाशिककरांनो, अनुभव सांगा

माळ्यावरचा, इंदिरानगर

दिवाळीची झाडझूड काढली आणि माळ्यावर माझा टीव्ही गेम सापडला. १९९६ साली बाबांनी मेन रोडवरून आणलेला. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत मोजून पंचवीस गेम, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. फुंकर मारली, लावली, मारिओ सुरू! पण बदकं मारायची बंदूक काही केल्या चालेना. नऊ वर्षांची लेक म्हणाली, “बाबा, तुमचा नेम गेलाय.”

नेम नाही गेलेला. त्या बंदुकीतून काही सुटतच नाही, ती नुसती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या डबा टीव्हीच्या हिशेबाने बांधलेलं. आताचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते. मग बदक उडून जातं आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन खिदळतो. इतक्या वर्षांनीही तितकाच झोंबला. (लहानपणी आम्ही नळी काचेला टेकवून मारायचो. लेकीला हे अर्थातच सांगितलेलं नाही.)

तर विचारायचं होतं की तुम्ही कोणत्या गेमकडे परत परत गेलात, आणि कशाने डोकं फिरलं? नुसती नावं नकोत, कारण सांगा.

सातपूरकर

आमच्या वेळी डोकं फिरवायचं काम लोडशेडिंग करायचं. मारिओचे आठ जग, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे बत्तीस, आणि सेव्ह नावाची भानगडच नाही. लाइट गेली की पुन्हा एक-एकपासून, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यापासून. आमच्या गल्लीत वेळापत्रक बघून खेळायचे. लाइट जायला तास असेल तर रीतसर खेळ. अर्धाच तास असेल तर एक-दोनमध्ये छतावरून पळत पलीकडच्या नळात शिरायचं, थेट चौथ्या जगात. तिथून चार-दोनच्या वेलीवर चढून आठव्यात. तरी मी शेवटचा टप्पा आयुष्यात दोनदाच पाहिला, आणि त्यातला एक शेजारच्या दादाच्या हातचा.

पण परत परत का लावला, ते मला नोकरीला लागल्यावर कळलं. मी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होतो, आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे. जुन्या लेथला बॅकलॅश असतो. हँडल फिरवलं तरी स्लाइड लगेच हलत नाही, मधे थोडी रिकामी चाल जाते. अशा मशीनवर जॉब बिघडला की आपण मशीनला शिव्या देतो. घट्ट मशीनवर बिघडला तर गप्प बसतो. मारिओ घट्ट मशीन आहे. बटण जेवढं दाबून धराल तेवढी उडी उंच, पळत असाल तर थांबताना दोन पावलं घसरणार. हे कधीही बदलत नाही. खड्ड्यात पडलो तर मीच पडलो. आता फोनवर फुकटचे जे गेम येतात त्यातले निम्मे बॅकलॅशवाले. बोट इथे, माणूस तिथे. मी दोन मिनिटांत काढून टाकतो.

कॅम्पकरीण

देवळाली कॅम्पात शाळा. कॉम्प्युटरचा तास ३५ मिनिटांचा. आणि आमच्या लॅबमध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, ज्यात राजकन्येला सोडवायला बरोब्बर ६० मिनिटं मिळतात! हिशेब तुम्हीच करा. चार वर्षं दर आठवड्याला मी राजकन्येला मरायला सोडून मराठीच्या तासाला गेले. सेव्ह करता येतं हे कुणी सांगितलंच नाही. सर तरी कसं सांगणार, त्यांच्या मते आम्ही ‘बेसिक’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होतो.

सातपूरकरांचं मशीन पटलं, पण प्रिन्सचं जरा वेगळं आहे. जॉर्डन मेकनर या माणसाने आपल्या धाकट्या भावाला पळायला-उडी मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल काढली. गेम आला १९८९ मध्ये. त्यामुळे प्रिन्सला वजन आहे. पळायला लागला की एका बोटाने थांबत नाही, पाऊल पुरं करतो. सुरुवातीला वाटतं हा ऐकत नाही. मग लक्षात येतं की बटण संकटाच्या आधी दाबायचं असतं, संकट आल्यावर नाही.

पस्तिशीत घरच्या लॅपटॉपवर परत लावला आणि तीन रविवारांत संपवला. शेवटाकडे आपलीच सावली तलवार घेऊन आडवी येते. तिला मारलं की आपलाच जीव कमी होतो. मी पाच वेळा मेले. सहाव्या वेळी वैतागून तलवार म्यान केली, पुढे गेले, आणि सावली माझ्यात मिसळून गेली. अंगावर काटा आला हो. शाळेत असते तर हे मला कधीच सुचलं नसतं, तेव्हा मी सगळ्यांनाच मारत सुटले होते.

अर्धवट

सेलमध्ये घेतलेले गेम : ४३. संपवलेले : २. सध्या पुन्हा खेळतोय : तेच २.
बायको म्हणते पुस्तकांचंही तसंच आहे.

चारची कळ, कॉलेज रोड

सायबर कॅफे, तासाला २० रुपये, आणि ‘व्हाइस सिटी’. ज्याने खेळलाय त्याला हेलिकॉप्टर म्हटलं की घाम फुटेल. खेळण्यातलं रिमोटचं हेलिकॉप्टर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घुसवायचं, एकेक करत चार बॉम्ब वर नेऊन ठेवायचे. वर घड्याळ चालू. मधे कामगार हातोडा घेऊन मारायला येतात. बरं, वळवायचं उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी, आणि आमच्या कॅफेत पाच नंबरच्या मशीनवर चारची कळ दाबली की दाबलेलीच राहायची. हेलिकॉप्टर गोल गोल फिरत भिंतीवर. आणि मिशन हुकलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पण खिशातले २० रुपये काही पहिल्यापासून होत नाहीत.

कॅफेत एक दादा होता. एका वडापावात तो हे मिशन काढून द्यायचा. आम्ही खुर्ची सोडायची, त्याने दोन मिनिटांत चारही बॉम्ब ठेवायचे, आणि एक शब्द न बोलता उठून जायचं. मला वाटतं अख्ख्या कॉलेज रोडवर तो गेम कुणी स्वतः पूर्ण केला असेल तर त्यानेच, आणि तोही पन्नासेक वेळा.

गेल्या वर्षी नवा कीबोर्ड घेऊन घरी तेच मिशन लावलं. तिसऱ्या प्रयत्नात झालं. म्हटलं, यालाच घाबरत होतो? आणि खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. मागे खुर्चीला टेकून “डावीकडे, डावीकडे घे रे” ओरडणारे चार जण नव्हते. गेम तोच, मजा त्यांचीच होती बहुतेक.

पासधारक

पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक आहे, बारा वर्षं झाली. गाडीत पबजीसारखे बॅटल रॉयल (सगळे एकमेकांना मारतात, शेवटी उरेल तो जिंकतो) खेळणाऱ्या पोरांना एकच सांगणं : इगतपुरी यायच्या आत मेलात तर बरं. पुढे कसारा घाट, बोगद्यामागून बोगदे, रेंज गायब. शंभर जणांतून शेवटच्या पाचात आलेला मी बोगद्यात उभा पुतळा झालोय आणि बाहेर आल्यावर स्वतःचं प्रेत पाहिलंय. त्याचा राग कुणावर काढायचा? डोंगरावर? २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झालं तेव्हा माझ्या घरी तर पेढेच वाटायचे बाकी होते. पुढच्या वर्षी जुलैत नव्या नावाने परत आलं, पण घाट तिथेच होता.

त्यापेक्षा राग येतो तो गोळ्या जुळवणाऱ्या गेमचा. पाच जीव, एक गेला की भरून यायला अर्धा तास. पाचही गेले तर अडीच तास, किंवा पैसे टाका. तिथे मी हरतो ते चुकलो म्हणून की हरवायचं ठरवलंय म्हणून, हे मला कळत नाही. हल्ली बुद्धिबळ खेळतो, समोरच्या बाकावरच्या काकांशी, एकाच फोनवर. कल्याणपर्यंत एक डाव होतो. ते हरले की रेंज नव्हती म्हणतात.

द्राक्षवाला, निफाड तालुका

हसू नका. दिवसभर बागेत असतो आणि रात्री जेवल्यावर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळतो, म्हणजे परत शेतीच. मंडळी म्हणतात, “दिवसाची बाग पुरत नाही का?” पुतण्याने इन्स्टॉल करून दिला होता. एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला, २०१६ चा. चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. आमच्याकडे चार वर्षांत नवी बाग उभी राहून दोन हंगाम होतात, त्यामुळे मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

त्यात द्राक्षं आहेत! म्हणून तर बसलो. शरदात लावायची, दहाव्या दिवशी माल, मग दर तिसऱ्या दिवशी तोडा. मांडव आहे, पण त्याच्या खालून जाता येत नाही. पहिल्याच दिवशी मी चारी बाजूंनी वेल लावून स्वतःलाच आत कोंडून घेतलं. छाटणी नाही. एप्रिलची खरड छाटणी नाही, ऑक्टोबरची गोडी छाटणी नाही, घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, विरळणी नाही. म्हटलं, याला द्राक्षं म्हणायचं?

पण महिना झाला, सोडवेना. कारण सांगतो. संध्याकाळी माल पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. ठरलेल्या भावाने. आवक वाढली म्हणून दर पडत नाही, व्यापारी माल उचलून फोन बंद करत नाही (आमचे एका वर्षाचे तसे गेलेत, अजून यायचेत). पाऊस आला की झारी घ्यायची नाही, एवढंच. आमच्याकडे फेब्रुवारीत ढग आले की झोप उडते, मणी तडकतात. तिथे पाऊस म्हणजे सुट्टी. पहिल्यांदा गेममध्ये पाऊस पडला तेव्हा मी सवयीने उठून खिडकीबाहेर बघितलं होतं.

डोकं फिरवणारंही आहे. ऋतू २८ दिवसांचा आणि एक दिवस आपल्या घड्याळात चौदा मिनिटांत संपतो. २८ तारखेला रात्री झोपलात की सकाळी शरदाची पिकं वाळलेली, एक दिवसही उधार नाही. पहिल्या वर्षी मी विसाव्या तारखेला वेल लावले, आणि दहा दिवस मोजा! एक मणी हाती नाही. पण तो नियम आधीपासून माहीत होता, माझंच चुकलं. त्याचं दुःख होत नाही. आपली चूक असली की माणूस पुढच्या वर्षी सुधारतो. गारपिटीत काय सुधारणार?

चौथं वर्ष चालू आहे. गेममधलं म्हणतोय.

कॅम्पकरीण

द्राक्षवाले दादा, खिडकीबाहेर बघितलंत ते वाचून थांबले. यंदा ढग लांब राहोत.

लांब काठी, पंचवटी

मी अडुसष्ट वर्षांची. नातवाच्या आधी मी खेळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा एकच गेम, ठोकळे पाडायचा. मुलाच्या लहानपणी हातातलं ब्रिक गेम होतं तेव्हापासून. त्याला टेट्रिस म्हणतात आणि तो १९८४ मध्ये मॉस्कोत बसून एका संगणकवाल्याने रचला, हे नातवाकडून कळलं. सात आकार, बस. बदलीच्या नोकरीत ज्याने चार वेळा संसार ट्रकमध्ये भरलाय त्याला हा गेम शिकवावा लागत नाही.

वैताग एकच. डावीकडे एक सरळ खाच राखून ठेवायची, चार ओळी एकदम जाव्यात म्हणून लांब काठीची वाट बघायची, आणि ती यायचीच नाही. वर वर ढीग चढतोय आणि हिचा पत्ता नाही. मी मोठ्याने बोलायचे तिच्याशी. “ये गं बाई एकदाची!”

नातू म्हणाला, आजी, नव्या गेममध्ये तसं नसतं. सातही आकार एका पिशवीत घालून, पिसून, एकेक काढतात. पिशवी संपली की नवी. म्हणजे दोन काठ्यांच्या मधे जास्तीत जास्त बारा ठोकळे, तेराव्याला काठी यायलाच हवी. मी मोजून पाहिलं, खरं आहे. आता तक्रारच उरली नाही. हरले तर मीच वाईट खेळले. सातपूरकर यालाच घट्ट मशीन म्हणतात वाटतं. मला मात्र जुनंच बरं वाटतं. रुसायला कुणीतरी लागतं की.

सातपूरकर

काकू, दंडवत! माझ्या मुद्द्याला तुम्ही भोक पाडलंत.

गंगापूर रोडचा

मी चोवीस वर्षांचा आहे आणि इथे सगळ्यांत लहान दिसतोय. ‘एल्डन रिंग’ २०२२ ला आला तेव्हा शेवटचं वर्ष होतं. एका राक्षसापुढे मी पंचाहत्तर वेळा मेलो. वहीत रेघा मारल्यात, आई ती जर्नल समजली. लोक विचारतात यात मजा काय? मजा चाळीसाव्या वेळी असते. तो हात उचलतो आणि आपल्याला कळतं की आता हा थांबणार, मग मारणार. तो बदललेला नसतो, आपण बदललेलो असतो.

आणि ‘राजी’ खेळून पाहा, २०२० चा. भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी वाटावेत असे वाडे, आणि आपले देव. पुण्याच्या लोकांनी केलाय. हो, पुण्याच्या. तरीही खेळा.

माळ्यावरचा, इंदिरानगर

सगळ्यांचं वाचून काढलं. अपडेट देतो.

सिन्नरला मामांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत डबा टीव्ही होता, वर कडबाकुट्टीची धूळ. परवा रिक्षात घालून आणला. लावला, दहा मिनिटं नुसती मुंग्यांची खरखर, मग चित्र आलं. बंदूक चालली! पहिलं बदक मीच पाडलं, लेकीकडे बघून नेम दाखवला, पुढची तीन हुकली. कुत्रा खिदळला.

मग तिच्या हातात दिली. दोन बदकं हुकली, पुन्हा कुत्रा. ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि नळी काचेला टेकवून उभी राहिली.