एनआयसीयूबाहेरच्या आईबापांसाठी समुपदेशक सक्तीचा असावा का?

रानजाई
माझं मत सरळ मांडते. ज्या दवाखान्यात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, तिथे आईबापांशी बोलायला प्रशिक्षित माणूस असलंच पाहिजे. नसेल तर त्या विभागाला परवानगीच मिळू नये.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. या सर्वसाधारण बाळंतिणी होत्या. मग जिचं अकराशे ग्रॅमचं बाळ काचेत ठेवलंय, जी टाके दुखत असताना दर दोन-तीन तासांनी दूध काढून वाटी आत पाठवतेय, तिची काय गत असेल? त्यात घरून ऐकायचं, ‘सातव्या महिन्यात गावाला जायला नको होतं.’ बारसं लांबलेलं असतं. बाळाच्या पायाला पट्टी असते, ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव.

नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. दहाच प्रश्न आहेत. तीसुद्धा कुठे कुणी आईसमोर ठेवलेली मी पाहिली नाही.

सिस्टर_विदर्भ
ताई, तळमळ कळते, पण सक्तीला माझा ठाम विरोध आहे. रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती बाळं येतात ते एकदा आत येऊन बघा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्या आयांना कुठला समुपदेशक पुरणार? आधी वायरिंग, आग विझवायची सोय आणि पुरेशा सिस्टर द्या.

सक्तीचं काय होतं तेही सांगते. पद कंत्राटी निघतं, महिनोन्‌महिने रिकामं राहतं, आणि तपासणी आली की आम्हालाच सांगतात, समुपदेशनाचं रजिस्टर भरून ठेवा. असल्या नोंदींनी कुठल्या आईचं भलं होणार?

रानजाई
सिस्टर, आग विझवायची सोय हवीच, त्यावर वादच नाही. पण आधी हे होऊ दे, आधी ते होऊ दे, असं करत बाईच्या मनाचं दुखणं कायम रांगेत शेवटी राहतं. दोन्ही एकदम मागायला काय हरकत आहे?

डॉ_नवजात
मी या क्षेत्रात काम करतो. माझ्या मते समुपदेशकाआधी दार उघडायला हवं. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत एक चाचणी झाली, २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एक ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. आई चोवीस तास आत असूनही जंतुसंसर्ग वाढला नाही, उलट कमी दिसला. तरी आपल्याकडे ‘इन्फेक्शन होईल’ म्हणून तिला काचेबाहेर उभं करतात. आईवडिलांना आत घेऊन बाळाची काळजी शिकवा, अशा केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना २०१७ पासून आहेत.

नीट हात धुऊन, वाटी-चमच्याने स्वतः पाजणारी आई दोन दिवसांत सावरू लागते. हे मी रोज बघतो.

कोल्हापूरचा_बाबा
डॉक्टर, आई आत गेली. बापाचं काय?

आमचं बाळ खाजगी दवाखान्यात होतं. ‘बाळाचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की पोटात गोळा यायचा. बहुतेक वेळा औषधाची चिठ्ठी असायची, नाहीतर काउंटरला पैसे भरायचे असायचे. बाळाने ऑक्सिजन सोडला, हे सांगायला मात्र कुणी बाहेर आलं नाही. बायको रडायची, मी तिला धीर द्यायचो आणि पार्किंगमध्ये जाऊन रडायचो. समुपदेशक हवाच. पण सक्ती झाली की खाजगीत बिलात एक ओळ वाढेल, आणि ती मीच भरणार.

पार्ल्याची_आजी
परक्या माणसापुढे बाई मन मोकळं करेल असं मला वाटत नाही. तिची आई, बहीण जवळ असू द्या. एकेका नातेवाइकाला आत सोडा, तोच खरा आधार.

रानजाई
आजी, ज्यांचं माहेर जवळ आहे त्यांचं ठीक. पण टोचून बोलणारीही बरेचदा घरचीच असतात. अशा वेळी परकं माणूसच बरं वाटतं.

लंडनकर
रजेबद्दल कुणीच बोलत नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून, नवजात बाळ सलग सात दिवस किंवा जास्त दवाखान्यात राहिलं, तर नोकरदार आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेवर १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा मिळते. भारतात २६ आठवड्यांतले आठ-दहा दवाखान्यातच संपतात. बापाला खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. नोकरीची टांगती तलवार असताना समुपदेशक काय करणार?

रानजाई
रजा हवी, दारही उघडायला हवं. पण दार उघडलं तरी ज्या आईला बाळाजवळ जायचीच भीती वाटते, तिच्याशी कोण बोलणार?

बाबांच्या बिलाच्या भीतीवर आणि सिस्टरांच्या रिकाम्या पदावर उपाय आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेने गावातल्याच साध्या बायकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर बायकांकडे आणि बाळंतिणींकडे पाठवलं. २०१९ च्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. फरक फार मोठा नव्हता, पण होता. त्याच कक्षातून बाळ सुखरूप घरी नेलेली आई अशी तयार करावी. जास्त त्रास दिसला तर पुढे मानसोपचारतज्ज्ञ, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत. या नंबरवर फोन केला तर पैसे पडत नाहीत.

सिस्टर_विदर्भ
अशी बाई आमच्या कक्षात आली तर मी स्वतः तिला खुर्ची देईन. पण तिला महिन्याचा पगार हवा, आशा सेविकांसारखं तुटपुंजं मानधन नको. आणि रजिस्टर तिने भरायचं, आम्ही नाही. हे मागणीत लिहा, मग माझी सही घ्या.