शब्दचर्चा: 'बीम' आणि 'ट्रिप्लेट' यांना मराठीत काय म्हणावे?

मीरा: स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकवणाऱ्या एका प्राथमिक पुस्तकाचे भाषांतर करताना मी दोन शब्दांपाशी अडले आहे. अष्टमांश स्वरांच्या उभ्या दांड्या टोकाशी जोडणाऱ्या जाड रेघेला, म्हणजे 'बीम'ला, मी 'जोडरेघ' आणि तिने बांधलेल्या स्वरांना 'गुच्छ' म्हटले. परंतु संपादकांच्या मते 'गुच्छ' म्हटल्याने स्वर एकत्र आहेत एवढेच कळते, ठोका कुठे सुरू होतो ते कळत नाही. 'ट्रिप्लेट'साठी, म्हणजे दोन स्वरांच्या वेळात बसवलेल्या तीन स्वरांसाठी, त्यांनी 'तिगुन' (तिप्पट लय) सुचवला आहे. आपले मत काय?

अनंत: संपादकांचा पहिला आक्षेप रास्त आहे, कारण नवशिक्याचे घोडे नेमके तिथेच अडते. तेच सहा अष्टमांश स्वर तीन-चारच्या मोजणीत (दर खंडात तीन चतुर्थांश स्वर) सहसा दोन-दोनच्या तीन जोड्यांत लिहितात आणि सहा-आठच्या मोजणीत (दर खंडात सहा अष्टमांश स्वर) तीन-तीनच्या दोन गटांत. एकूण कालावधी तेवढाच राहतो, पण वजन कोणत्या स्वरावर द्यायचे ते बदलते आणि ते रेघ कुठे तुटते यावरूनच दिसते. हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे स्वरलेखन पद्धतीत एका मात्रेतल्या स्वरांखाली अर्धचंद्र काढतात, तसेच हे. म्हणून 'मात्रागट' म्हणावे.

सुलभा: अनंतराव, सहा-आठमध्ये अष्टमांश स्वरालाच मात्रा मानले, तर एका रेघेखाली तीन मात्रा येतात, मग 'मात्रागट' कसा टिकणार? 'मात्रा' हा शब्दच मोजणे या अर्थाच्या 'मा' धातूपासून आला आहे, तेव्हा तो सैलपणे वापरू नये. 'तिगुन'ही सरसकट चालणार नाही. दोनांच्या जागी तीन, हा ट्रिप्लेटचा अर्थ आहे. एका ठोक्यात तीन अष्टमांश स्वर आले तर तिगुन म्हणता येईल. पण दोन ठोक्यांवर तीन चतुर्थांश स्वर पसरले की ती आड, म्हणजे दीडपट लय झाली.

विनायक: शिकणारे आणि शिकवणारे सगळेच 'ट्रिप्लेट' म्हणतात, तर तोच शब्द ठेवावा. नवा शब्द घडवून वाचणाऱ्यावर दुहेरी ओझे कशाला?

सुलभा: 'ट्रिप्लेट'ला 'त्रिक' म्हणावे; हा शब्द नवा नाही आणि अवघडही नाही. रूढ आहे एवढ्यावरून परका शब्द कायम करायचा असेल, तर भाषांतर करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

अनंत: 'त्रिक' मला मान्य आहे. मात्र 'आड' हा शब्द पुस्तकात आणायचा झाल्यास 'कुआड'ही ओघाने येईल आणि त्याबाबत एकमत नाही. आमच्याकडे ती सव्वापट लय मानतात.

विनायक: आम्हाला कुआड सव्वादोनपट म्हणून शिकवली आहे, आणि सव्वापटीला कुआड म्हणण्यास आमचे गुरुजी मुळीच तयार नसत.