मदत हवी आहे : लाल समुद्रातल्या बुडालेल्या आगबोटीवर डायव्हिंग

नमस्कार मंडळी. मी परभणीची. पोहायला शिकले शेतातल्या विहिरीत, स्कूबा तारकर्लीला. ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) झालंय. आता इजिप्तमध्ये अबू नुहासच्या खडकावर फुटलेली 'कार्नॅटिक' बघायची फार इच्छा आहे. सुएझहून मुंबईला निघालेली ही आगबोट सप्टेंबर १८६९ मध्ये तिथं अडकली. कप्तानानं प्रवाशांना बोटीवरच थांबवलं, मग बोट दुभंगली आणि ३१ जण गेले. आपल्याकडे येणारी माणसं होती ती, म्हणून ओढ जास्तच.

बोट कुशीवर पडलीय, तळ पंचवीसेक मीटरवर. ओपन वॉटरची मर्यादा १८, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड (त्याच्या पुढचा कोर्स) आलंच. लाकडी डेक कुजून नुसत्या लोखंडी फासळ्या उरल्यात, त्यामुळं आत शिरता येतं. पण नुसत्या अ‍ॅडव्हान्स्डवर आत जावं का, की रेक डायव्हिंगचा (बुडालेल्या बोटींवर उतरण्याचा) वेगळा कोर्स करूनच? मला वेगळा कोर्स करणंच बरोबर वाटतं, तरी तिथं उतरलेल्यांनी सांगावं.

दुसरं, पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं मला अजून नीट जमत नाही. विहिरीत सिलिंडर घेऊन एकटीनं उतरणं धोक्याचं. नांदेड किंवा संभाजीनगरला स्कूबाचं सामान घेऊन सराव करू देणारा खोल जलतरण तलाव कुणाला माहीत आहे का?