निगेटिव्ह आलं तरी सिक्वेन्सिंग का?

ताई, भावाच्या मेंदूतल्या गाठीच्या (ग्लायोमाच्या) रिपोर्टात 'आयडीएच१ निगेटिव्ह' आलंय, म्हणजे आयडीएच१ या जनुकात बदल दिसला नाही, मग पुन्हा सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचायच्या तपासणीचा, खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी परळला एका लॅबमध्ये स्लाइड बनवते, म्हणून लिहिते. आधी झाली ती आयएचसी, म्हणजे गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी टाकून रंग बघायची तपासणी. त्यातली अँटिबॉडी आयडीएच१ मधला एकच बदल ओळखते, त्याचं नाव आर१३२एच. तो असला की पेशी तपकिरी रंगतात. ग्लायोमातल्या आयडीएच बदलांपैकी साधारण ९० टक्के वेळा तोच असतो, पण उरलेले बदल आणि आयडीएच२ या दुसऱ्या जनुकातले बदल तिला दिसतच नाहीत. म्हणून वय ५५ च्या आत असेल तर सिक्वेन्सिंग टाळू नका.

ग्लायोमात आणखी एक तपासणी असते, १पी/१९क्यूची, म्हणजे गुणसूत्रांचे हे दोन तुकडे गळालेत का ते बघायची. त्यासाठी फिश करतात, म्हणजे त्या तुकड्यांना चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अंधाऱ्या खोलीत एकेका पेशीतले लाल-हिरवे ठिपके मोजायचे, डोळ्यांचं पार भरीत होतं!

सिक्वेन्सिंगला पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर पेनाने गोल करून देतात, तेवढाच भाग आम्ही ब्लेडने खरवडतो. मेलेला भाग जास्त आला तर डीएनए धड निघत नाही. त्यामुळे नुसत्या रंगवलेल्या स्लाइड आणू नका, मेणाचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेली वडी, मागून घ्या; त्यातून नवे काप काढून चांगला भाग निवडता येतो. आणि तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.