दुधाला टेकू चालतो, पोरांनाच का नाही?

माईनमुळा:
परवा महागाईच्या धाग्यात खडूस_काका लिहून गेले: “दूध निर्यातीवरचे उरलेसुरले सरकारी नियम आणि इथल्या मूळच्या माओरी पोरांच्या शिष्यवृत्त्या, दोन्ही एकाच दिवशी बंद करा. दोन्ही कुबड्याच. न्यूझीलंडचा शेतकरी स्वतःच्या हिमतीवर जगात पोचला, पोरांनीही पोचावं.” तिथेच उत्तर देणार होते, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

काका, ही “स्वतःची हिंमत” कोणत्या सालची? १९२३ मध्ये सरकारने कायदा करून निर्यातीसाठी मंडळ बसवलं. १९३६ मध्ये मजूर सरकारने लोण्या-चीजला हमीभाव दिला. हो, हमीभावच. आपल्याकडे कुणी तो शब्द काढला की तुम्हीच “लाडावलेत” म्हणता ना? १९७३ ला ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेलं, तेव्हा इथलं लोणी बुडू नये म्हणून मंत्र्यांनी रदबदली करून सवलत मिळवली. २००१ मध्ये स्पर्धा आयोगाला वळसा घालणारा खास कायदा करून फॉन्टेरा ही शेतकऱ्यांची सहकारी दूध कंपनी जन्माला घातली, देशातलं ९६ टक्के दूध एका पातेल्यात. एवढी वर्षं बोट धरून चालवलेलं पोर तुम्हाला स्वावलंबी वाटतं.

आणि ज्या वायकाटोत ही दुधाची गंगा वाहते, तिथली सुमारे १२ लाख एकर जमीन १८६०च्या दशकात युद्धानंतर सरकारने माओरींकडून जप्त केली. १९९५ मध्ये माफी आणि १७ कोटी डॉलरची भरपाई. एकरी किती पडले ते काढा कॅल्क्युलेटरवर.

आता माझ्या वर्गातलं. शेवटच्या वर्षाचा मुलगा, इवीच्या (म्हणजे माओरी टोळीच्या) ट्रस्टचा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. अर्जात इवी, हापू (तिची पोटशाखा), माराए (त्यांचं सभास्थान), आजी-आजोबांची नावं. याला आजीचं माराए माहीत नाही. आजी तरुणपणी कारखान्यात नोकरीला ऑकलंडला आली ती इथलीच झाली, आणि आता हयात नाही. शेवटी आजीच्या बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. म्हातारी एका दमात नावं सांगत सुटली, पोराला कागद सापडेना, तो मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने लिहीत गेला. घंटा झाली तरी ती थांबेना. मला जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरणारे माझे वडील आठवले. कुबडी म्हणे.

खडूस_काका:
ताई, निबंधाला दहापैकी आठ. दोन गुण गल्लतीचे कापले.

हमीभाव इतिहासजमा झाला. १९८४ ला आलेल्या सरकारात रॉजर डग्लस अर्थमंत्री होते, त्यांनी शेतीची अनुदानं तोडली. शेतकरी मोर्चे घेऊन संसदेवर आले, काही देशोधडीला लागले, बाकीचे टिकले. मी हिंमत म्हणतो ती ही. आणि २००१ चा कायदा टेकू नाहीच, ती वेसण आहे. फॉन्टेराने शेतकऱ्याचं दूध नाकारायचं नाही, सोडून जाणाऱ्याला अडवायचं नाही, लहान प्रक्रियावाल्यांना दूध पुरवायचं. २०२० मध्ये ती जरा सैल केली. आज फॉन्टेराकडे ८० टक्क्यांच्या आसपास दूध आहे, स्पर्धक उभे राहिलेत, मग वेसण काढा एवढंच म्हणणं. कोट्याचं तर विचारूच नका. युरोप-अमेरिकेत कमी जकातीवर माल घालायचे परवाने सरकार वाटतं, आणि वर्षानुवर्षं ते कुणी किती दूध गोळा केलं यावर वाटले. दुसऱ्याकडून दूध घेऊन उत्तम चीज करणारा बसला दाराबाहेर.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर गरज बघा, वंश नको. सरकारच्याच सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाचा सूर तो आहे. माझ्या मुलीचा एका ठिकाणी प्रवेश थोडक्यात हुकला. तिची माओरी मैत्रीण, बाप सर्जन, तिला राखीव जागेतून मिळाला. आमची पोर दोन दिवस दार लावून बसली होती, ताट बाहेर ठेवत होतो. तुमच्या त्या मुलाचं मनगट तुम्हाला दिसलं, मला ते बंद दार दिसतं.

तुपकट:
दोघंही जरा थांबा. अर्धा किलो लोणी २०२५ च्या मध्याला साडेआठ डॉलरवर गेलं होतं, त्यावर कुणी बोलेल का? देशातलं ९५ टक्के दूध बाहेर जातं आणि उरलेलं आम्हाला जागतिक लिलावाच्या भावाने. गोठ्यात राहून दूध विकत! महिन्याला चार वड्या कढवतो मी. अर्ध्या किलोला चारशे ग्रॅम तूप हाती लागतं, बाकी पाणी आणि बेरी. त्यात परवा चुकून खारं लोणी आणलं. आता ते तूप खारट होणार, दहा डॉलर पाण्यात.

माईनमुळा:
तुपकट, मीठ तुपात उतरत नाही, बेरीत बसतं. निवांत कढवा.

काका, वेसणीचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. पण वेसण घालायची वेळ का आली, तर आधी सरकारने बैल तेवढा माजू दिला म्हणून. आणि सर्जनची मुलगी हे प्रत्येक वादात येणारं पात्र आहे, आपल्याकडे ती कलेक्टरची असते. मी ज्या अर्जाबद्दल लिहिलं तो सरकारी नव्हताच. तो इवीच्या ट्रस्टचा पैसा, म्हणजे जप्त जमिनीची जी काही भरपाई मिळाली तिच्यातला. स्वतःच्या पैशातून स्वतःच्या पोरांना शिकवलं तर तुमच्या पोटात का दुखतं?

सरकारी मदतीचाही इतिहास बघा. पूर्वी खेड्यातल्या माओरी शाळांतून निवडक मुलांना सरकार शिष्यवृत्ती देऊन “ते औते” वगैरे वसतिगृहाच्या शाळांत पाठवायचं. त्या ते औतेतून आपिराना न्गाटा निघाला, १८९३ मध्ये पदवी पुरी करणारा पहिला माओरी. त्यावर आनंद व्हावा की नाही? १९०६ ला चौकशी आयोग बसला आणि म्हणाला, यांना शेतीकाम शिकवा. म्हणजे मदत द्यायची, पण पोरगं फार वर चढणार नाही एवढीच. आणि त्याच न्गाटाने पुढे रुआटोरियात आपल्या लोकांची लोण्याची फॅक्टरी उभी करवली, १९२५ च्या सुमारास. “नाटी” नावाचं लोणी निघायचं तिथून.

पहाटपाळी:
इथे प्रत्यक्ष दूध काढणारा मी एकटाच दिसतोय. इथल्या तारानाकी भागात आहे, सहावं वर्ष. पहाटे साडेचारला शेड. रोटरी, म्हणजे गाई उभ्या असलेला गोल चौथरा, फिरत असते, मी एका जागी उभा, दर काही सेकंदाला नवी कास समोर येते, कप लावायचे, पुढची. हाताला थंडीत चिरा पडतात, कासेला लावायचं मलम आम्हीच हाताला लावतो. तुमचं निर्यातीचं दूध ते हे.

आमच्या शेताची जमीन मालकाची नाही. माओरींची आहे, खंडाने घेतलेली. या भागात आधी जमीन जप्त झाली, मग त्यातली थोडी माओरींसाठी “राखीव” म्हणून सरकारी ट्रस्टीच्या हाती दिली, आणि त्या ट्रस्टीने ती गोऱ्या शेतकऱ्यांना खंडाने लावली. १८९२ च्या कायद्याने तो खंड कायमचा केला. २१ वर्षांनी एकदा खंड बदलणार, करार आपोआप पुढे. मूळ माओरी मालकाला जमीन परत मागायची सोय नाही. थेट १९९७ मध्ये कायदा बदलून बाजारभावाकडे नेलं. म्हणजे शंभर वर्षं मूळ मालकाने दूधवाल्याला सवलत दिली. शिष्यवृत्ती कुणी कुणाला दिली मग?

खडूस_काका:
भाऊ, हे वाचून मला कोकण आठवलं. आमच्या आजोबांची दापोलीकडची जमीन. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. सकाळी मालक म्हणून उठले, रात्री झोपताना नव्हते. आजी शेवटपर्यंत खळ्यात उभी राहून बोट दाखवायची, तो आपला आंबा, ते आपलं कातळ. आम्हाला कुणी शिष्यवृत्ती दिली नाही. वडील मुंबईला गिरगावात दहा बाय दहात राहून शिकले.

आता सांगा, तारानाकीत कायद्याने कुळाची बाजू घेतली तर अन्याय, आणि दापोलीत घेतली तर क्रांती?

पहाटपाळी:
काका, आमचे आजोबा तुमच्याच बाजूच्या गावचे. कूळ. अर्धेलीने भात घालायचे, वर वेठ. पावसात खोताच्या घराची शाकारणी आधी, आपलं छप्पर नंतर. तुमच्या आजीने बोट दाखवलं तो आंबा लावला कुणी, शिंपला कुणी?

तारानाकीचं कूळ आणि आमचे आजोबा एकाच मापाने मोजता? तिथे कुळाचेच भाऊबंद संसदेत होते, कुळाच्याच सैन्याने जमीन घेतली होती. ५ नोव्हेंबर १८८१ ला तारानाकीतल्या पारिहाका या माओरी गावात सशस्त्र फौज शिरली तेव्हा समोर पोरं गाणी म्हणत बसली होती आणि बायांनी सैनिकांसाठी पाव भाजून ठेवले होते. माझ्या आजोबांकडे विळा होता, तोही खोताच्या अंगणात टांगलेला.

खडूस_काका:
आंबा माझ्या पणजोबांनी लावला. लावणारे हात कुणाचे ते तुम्ही तेव्हा बघायला होतात का? दर वेळी खोत म्हणजे राक्षस! आमच्या घरात दोन वेळची पेज होती, सोन्याची ताटं नव्हती.

सातारी_कंदी:
कोकणातून घाटावर या मंडळी. आमच्या घरी बारा जनावरं. संकलन केंद्रावर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागली नाही की भाव कापतात, आणि मशीन कुणाचं? त्यांचंच. जुलै २०१८ ला आम्ही दूध रस्त्यावर ओतलं तेव्हा लिटरला २५ रुपये कबूल झाले. किती दिवस मिळाले ते विचारू नका. म्हणून २०१९ ला आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून भारत बाहेर पडला तेव्हा गावात पेढे वाटले. तुमच्या त्या रोटरीचं दूध इथे आलं तर आमच्या बारा जनावरांचं काय? खडूस_काका नियम काढा म्हणतात. काढा की. फक्त इकडे पाठवू नका.

एक मात्र ताई, शिष्यवृत्तीच्या बाजूने बोलताय ते पटतं. माझा भाऊ बोर्डिंगमुळेच शिकला, शाहू महाराजांची पुण्याई.

खडूस_काका:
कंदी, जकातीच्या भिंतीमागे बसून खुल्या बाजाराच्या गप्पा ऐकायच्या म्हणजे तुमची मजा आहे.

पहाटपाळी, रात्री झोप लागली नाही, तुमच्यामुळे. थोरल्या चुलत्यांना फोन केला. ते म्हणाले, शाकारणीची गोष्ट खरी आहे. आंब्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. एवढंच लिहितो, जास्त काढून घ्यायला जाऊ नका.

ताई, ट्रस्टच्या पैशावर आक्षेप नाही, लिहून घ्या आणि फ्रेम करून लावा. मोकाईत मिराका नावाची माओरी मालकीची डेअरी २०११ पासून चालते, जमिनीतल्या वाफेवर. परदेशी माल घालते, कुणापुढे हात पसरत नाही, तिचं मला कौतुकच आहे. पण सरकारी तिजोरीतून जाणारं गरजेवरच जावं, हे मी सोडणार नाही.

माईनमुळा:
मिराकाच्या मालकांत माओरी जमिनीचे ट्रस्टच आहेत, काका. जमीन हातात राहिली तिथे डेअरी उभी राहिली. राहिली नाही तिथली पोरं माझ्याकडे अर्ज घेऊन येतात. गरज म्हणता ती याहून वेगळी कशी मोजणार, हे सांगा, मग मी फ्रेम आणते.

पहाटपाळी:
काका, चुलत्यांना नमस्कार सांगा. आंब्याचं राहू द्या. मी निघतो, वासरं यायला लागलीत, आज रात्रपाळीही आहे.

खडूस_काका:
सांगतो. हातमोजे घालत जा. ताई, मोजायचं कसं ते उद्या लिहितो, आज मुलीचा फोन यायचाय.

तुपकट:
कढवलं. मीठ सगळं बेरीत राहिलं, तूप गोड. बेरी मात्र खारट लागते, पोळीबरोबर बरी आहे.