मदत हवी आहे: बाबांच्या बोटांवर बसलेलं फेविक्विक निघत नाहीये

बाबा निवृत्त झाल्यापासून लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतात. सध्या मराठा आरमारातली गुराब चालू आहे. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या जुळवून बोटांनी दाबून धरायच्या आणि सांध्यात फेविक्विक सोडायचं, असं ते काम. गोंद फटीतून झिरपून नेमका अंगठ्यावर आणि तर्जनीवर येतो. दोन्ही हातांना पांढुरका, खरखरीत थर बसला आहे. कडेला पापुद्रा सुटलाय, पण मधे अगदी घट्ट.

एरवी आपोआप जाईल म्हणून सोडून दिलं असतं. पण नोव्हेंबर आहे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय आणि बँकेतल्या यंत्राने ना अंगठा घेतला, ना तर्जनी. बाकीच्या बोटांचे ठसे वयामुळे आधीच पुसट. बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. रात्री ब्लेड घेऊन खरवडायला बसले होते, मी काढून घेतलं. त्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, त्यामुळे जखम नकोच.

साबणाच्या कोमट पाण्यात हात बुडवून झाले, खोबरेल चोळून झालं. नेलपॉलिश रिमूव्हरही लावलं, बाटलीवर 'अॅसिटोन-फ्री' लिहिलंय. कडा जरा मऊ झाल्या, बस. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर चालेल का? मधुमेह असताना अॅसिटोन लावावं का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १

थिनर अजिबात नको. त्यात काय काय मिसळलेलं असतं ते बाटलीवरून कळत नाही, आणि ते कातडीसाठी नसतंच.

तुमचं रिमूव्हर अॅसिटोन-फ्री आहे, तिथेच अडलंय. त्याने नेलपॉलिश जातं, हा गोंद विरघळत नाही. अॅसिटोन असलेलं रिमूव्हर आणा. आधी उजेडात बोटं नीट बघा. चीर, भेग, ओरखडा काहीही दिसलं तर लावू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात एवढी काळजी हवीच. कातडी धड असेल तर कोमट पाण्यात हात भिजवून पुसा, इअरबडने फक्त सुटलेल्या कडेला अॅसिटोन लावा, थोडं थांबा आणि आईस्क्रीमच्या काडीने कड हळूहळू गुंडाळत आत जा. ओढायचं नाही. दुखलं की थांबायचं. मग साबणाने हात धुऊन खोबरेल लावा, कारण अॅसिटोनने कातडी फार कोरडी पडते. खिडकी उघडी ठेवा, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद असू द्या, ते चटकन पेट घेतं.

सगळं एका बैठकीत काढायचा हट्ट नको. वरची कातडी झडते तसा उरलेला थरही जातो.

प्रतिसाद २

दाखल्यासाठी बोटांवर अडून राहू नका! जीवन प्रमाणला, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्याला, २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. फोनवर जीवन प्रमाणचं अॅप आणि आधारचं फेस आरडी अॅप घ्या, बाबांना खिडकीसमोर उजेडात बसवा, घरबसल्या होतं. पेन्शनचे कागद आणि आधार जवळ ठेवा. नाहीच जमलं तर बँकेत अधिकाऱ्यासमोर सही करून कागदी दाखलाही देता येतो. काकांना सांगा, पेन्शन अडत नाही.

प्रतिसाद ३

मी विमानांची मॉडेल्स करतो. बाटलीचं तोंड थेट सांध्याला लावू नका. प्लास्टिकच्या झाकणात थेंबभर गोंद काढून टूथपिकच्या टोकाने सोडा. बोटांऐवजी कपड्यांचे छोटे चिमटे लावा, बोट आणि लाकूड यांच्यामध्ये पॉलिथिनचा तुकडा धरा, त्याला हा गोंद सहसा धरत नाही.

आणि सुती हातमोजे कधीच नकोत. ओलं फेविक्विक सुतावर सांडलं की एकदम तापतं, हात भाजतो. सांडलेला गोंद कापसाने टिपू नका, त्याचंही हेच कारण. नायट्रिलचे मोजे घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दाखला चेहऱ्यावरून झाला, खिडकीजवळ बसवल्यावर लगेच घेतला. बाबांचा जीव भांड्यात पडला. भेगा नव्हत्या, म्हणून अॅसिटोनही वापरलं. तर्जनीवरचा थर निघाला, अंगठ्याच्या नखाजवळचा अजून आहे, तो तसाच राहू देतेय.

प्रतिसाद ३ यांना एक विचारायचं होतं: न ओघळणारा जेल गोंद मिळतो, तो बाल्साच्या एवढ्या पातळ पट्ट्यांना चालतो का? की सांध्यात जाडी राहून पट्टी वर उचलली जाते?