आजोबांचा लाल काचेचा पेपरवेट, बोहेमियन आहे का? किती जुना असेल?

लष्करकर:
नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरचा. वाड्याची आवराआवर चालू आहे, त्यात आजोबांच्या टेबलाच्या खणात हा पेपरवेट सापडला, ते संस्थानाच्या दफ्तरात होते. वरची काच बिनरंगाची, पैलू पाडलेले, तळ लालभडक आणि त्या तळालाच हरीण नि झाडं खोदलीयेत. वजन 612 ग्रॅम. आजी बेल्जमचा म्हणायची, पण आमच्याकडे चांगली काच म्हटली की ती बेल्जमचीच! इथल्या बाडा बाजारातला एक दुकानदार म्हणतो तळाला ओरखडे फार आहेत, पॉलिश करून देतो मग भाव येईल. करू का? आणि काळ ओळखायचा कसा?

काचवेडी, बडोदं:
दादा पॉलिश अजिबात करू नका, हात जोडते. तो लाल रंग बहुतेक काचेत मुरलेला नाहीये, वरून चढवलाय, तांब्याचा लेप लावून भट्टीत भाजतात आणि थर केसाहून पातळ असतो. पॉलिशचं चाक फिरलं की रंगही जाईल आणि हरीणही. ही लाल रंगाची रीत फ्रीडरिख एगरमान यांनी 1832 च्या सुमारास बसवली, बोहेमियातल्या (म्हणजे आजच्या चेक देशातल्या) हायडा गावी, आता त्याला नोवी बोर म्हणतात. रानातलं हरीण हा तर तिकडच्या खोदकामाचा अगदी लाडका विषय, तळाला खोदायचं म्हणजे वरून पैलूंतून बघताना एकाची चार-पाच हरणं दिसतात. भिंगातून खोदलेल्या रेघेची कड बघा, लाल काचेची जाडी पायरीसारखी दिसली तर तो वेगळा प्रकार, म्हणजे लेप नव्हे तर लाल काचेचाच थर, नुसता रंग संपून खाली स्वच्छ काच लागली तर लेप.

जुना बाजार:
ताई बरोबर आहेत, पण 1832 वरून त्याच्या आधीचा नाही एवढंच कळतं, लेपाचं काम विसाव्या शतकातही चालू होतं. म्हणून तळ बघायचा. खरी झीज टेबलाला टेकतो त्या भागावरच असते, ओरखडे बारीक-मोठे आणि वाट्टेल त्या दिशेला, सँडपेपर मारून जुना केलेला असेल तर सगळे एकाच दिशेला. मेड इन चेकोस्लोव्हाकिया लिहिलेलं असेल तर 1918 नंतरचा.
बेल्जमचं घरीच तपासा. किचनच्या वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, पेपरवेट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, भांड्याला कुठेच टेकू देऊ नका. काट्यावर येईल त्या आकड्याने 612 ला भागा. उत्तर 3 च्या आसपास किंवा वर आलं तर शिशाचं क्रिस्टल, बाकारा या फ्रेंच कारखान्याचं किंवा बेल्जमचं भारी काम तसलं असतं. बोहेमियात लाकडाच्या राखेतला पोटॅश आणि चुना वापरायचे, त्याचं 2.5 च्या जवळ येतं.

लष्करकर:
केलं! 247 आलं, म्हणजे 2.48. सराफाकडून भिंग आणलं, पायरी नाहीच, आणि कडेकडेने लाल रंग झिजून आतली काच दिसतेय, ओरखडे आडवेतिडवे. छाप कुठे नाही. दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं.

जुना बाजार:
मग शिशाचं नाही हे नक्की. 2.5 तर आजच्या साध्या काचेचंही येतं, त्यामुळे तुमच्याकडे खरा पुरावा तो झिजलेला तळच, आणि दुकानदार नेमका तोच घासून टाकणार होता.

काचवेडी, बडोदं:
मी तरी बोहेमियनच म्हणेन, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मऊ कोरड्या कापडाने पुसा, चिंच-लिंबू काही लावू नका, आणि टेबलावर ठेवाल तेव्हा खाली बनातीचा तुकडा घाला.